बांधावरची भुईआवळी

जरा टेकून बसा. घाई नाही. उजव्या हाताचा तळवा उजवीकडच्या शेवटच्या बरगड्यांवर ठेवा. श्वास आत येऊ द्या, आणि मग त्याच्या गतीनं जाऊ द्या. श्वास भरला की तळव्याखालचं काही तरी किंचित खाली सरकतं, सोडला की परत वर जातं. तिथं, बरगड्यांच्या आडोशाला, तुमचं यकृत आहे. वजन सव्वा ते दीड किलो. दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून वाहतं आणि त्यातला तीन-चतुर्थांश हिस्सा पोटा-आतड्यांकडून येतो. तुम्ही जे खाल्लं, जे प्यालं, ते साऱ्या अंगाला मिळण्याआधी या उंबऱ्यावर थांबतं. काय आत सोडायचं, काय साठवायचं, काय मोडून बाहेर टाकायचं, ते इथं ठरतं.

हृदय धडधडतं, पोट गुरगुरतं, गुडघा ठणकतो. यकृत गप्प असतं. त्याच्या आतल्या भागाला वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत. दुखतं ते वरचं पातळ आवरण ताणलं गेलं तर. म्हणून ते वर्षानुवर्षं कुरकुर न करता सोसत राहतं आणि डोळे पिवळे होईपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही.

थोडा वेळ या गप्पपणापाशीच बसा.

मराठीत या अवयवाचं जुनं नाव काळीज. संस्कृतात कालेय म्हणजे यकृत, त्यावरून आलेलं. मटणाच्या दुकानात आजही कलेजी मागितली की यकृतच हातात पडतं. पण बोलताना आपण काळीज म्हणतो आणि हात छातीवर डावीकडे नेतो. लेकराला काळजाचा तुकडा म्हणतो. कुणाच्या बोलण्यानं काळजाला घरं पडतात, कुणाला निरोप देताना काळीज तुटतं. आपल्या भाषेनं मायेचं घर या गप्प, सोशिक अवयवात पाहिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. काळजी हा शब्दही कानाला त्याच घरातला लागतो. ज्यानं आयुष्यभर येईल ते सोसायचं, त्याच्याकडेच मायेचं घर दिलं.

हात तिथंच असू द्या, आणि आता मनानं शिवारात चला.

आषाढाचे दिवस आहेत. लातूरकडचं औसा, निलंगा घ्या, नाही तर नांदेडकडचं लोहा, कंधार. काळं रान, पेरणीला अठरा-वीस दिवस झालेले, सोयाबीन वीतभर. कालच्या पावसानं माती अजून चपलेला धरते. वाका. पिकाच्या दोन तासांमधलं तण बघा. चिंचेसारखी बारीक पानं असलेलं, फार तर वीत-दीड वीत उंचीचं एक रोपटं दिसेल. त्याची डहाळी उलटी करून पाहा. पानांच्या खाली मोहरीहून जरा मोठी, हिरवी, गोल फळं ओळीनं लटकलेली असतात, जणू आवळ्याच्या झाडाची लहानशी प्रतिकृती. भुईआवळी. संध्याकाळी पानं मिटून घेते. चावून पाहाल तर कडू.

तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीसरपट पसरलेली घेटुळी असेल, तीच पुनर्नवा. पाटाच्या, ओढ्याच्या कडेला माका, पांढऱ्या बटणाएवढ्या फुलांचा. चुरगळला की बोटं काळीशार होतात. धुऱ्यावर, जिथं नांगर पोचत नाही तिथं, जांभळ्या फुलांची उन्हाळी. जुन्या वैद्यांची शरपुंखा. तिचं पान टोकाला धरून ओढा. ते बाणाच्या मागच्या पिसांसारखं टोकदार तुटतं, म्हणून ते नाव. तिचं आणखी एक संस्कृत नाव आहे, प्लीहशत्रू. वाढलेल्या पानथरीवर ती देत असत. मराठवाड्यातल्या अशा सगळ्या वनस्पतींची नोंद प्रा. व्ही. एन. नाईक यांनी ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ या १९९८ च्या दोन खंडांत करून ठेवली आहे. ज्या माळरानाला लोक उजाड म्हणतात त्याची ती मोजदाद पाहिली की माणूस पुन्हा उजाड हा शब्द सहज वापरत नाही.

माझी आजी कावीळ झालेल्या लेकराला भुईआवळी मुळासकट वाटून ताकातून द्यायची. उपटायला आम्हाला पाठवायची आणि मागून ओरडायची, “समदी उपटू नका रे, बी राहू द्या.” त्या वाक्यावर मी अनेकदा थांबलो आहे. तुम्हीही क्षणभर थांबा.

कारण त्याच रानात आता पाठीवर पंप घेऊन माणूस येतो. काय करतोस म्हणून विचारलं तर म्हणतो, “औषध मारायलोय.” आपल्याकडे तणनाशकाला औषध म्हणतात, कीटकनाशकाला औषध म्हणतात, आणि आजी ताकातून देत होती त्यालाही औषधच म्हणतात. एकाच शब्दात दोन्ही. त्या फवाऱ्याखाली पहिल्यांदा पिवळी पडते ती भुईआवळी. मग घेटुळी, मग पाटाकडचा माका. ज्या रोपट्यांकडे आपल्या आजी-पणजीनं काळजाच्या रक्षणासाठी पाहिलं, ती मारण्यासाठी आपण जे मारतो, त्याचा अंश वाऱ्यानं उलटून नाकातोंडात, भिजल्या सदऱ्यातून कातडीत आणि शेवटी त्याच काळजात जातो.

यात फवारणाऱ्याला दोष देऊ नका. मी देत नाही. खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर चार एकरांची रोजंदारी सोयाबीनच्या भावात बसत नाही, आणि सततच्या पावसात वापसा येईपर्यंत तण पिकाच्या डोक्यावर जातं. तो हौसेनं पंप उचलत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ते सगळे कामावर गेलेले लोक होते. डोळे मिटून त्यांच्यासाठी एक श्वास घ्या.

आता रानातून प्रयोगशाळेत या. नांदेडला विष्णुपुरीच्या माळावर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालेलं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचं क्षेत्र. या भागातली फार्मसीची, वनस्पतिशास्त्राची मुलं-मुली ज्या गावांतून येतात, तिथल्या बांधावर हीच झाडं असतात. आजी जे सांगायची ते खरं का, हे विचारण्याची विज्ञानाची एक ठरलेली रीत आहे, आणि ती जगभर जवळपास सारखीच आहे.

पांढरे उंदीर घेतात. त्यांचे गट पाडतात. एका गटाला नुसतं तेल. दुसऱ्याला तेलातून कार्बन टेट्राक्लोराइड, जे एके काळी कपडे धुण्याच्या ड्रायक्लीनिंगमध्ये आणि आग विझवण्याच्या नळकांड्यांत असायचं. तिसऱ्या गटाला त्या विषाबरोबर सिलिमरिन देतात. भूमध्य समुद्राकडच्या एका काटेरी झाडाच्या बियांतून काढलेलं हे द्रव्य तुलनेसाठी वापरतात. उरलेल्या गटांना आपल्या बांधावरच्या झाडाचा अर्क, कमी-जास्त मात्रेत. काही दिवसांनी रक्त तपासतात. एसजीओटी, एसजीपीटी ही नावं तुम्ही लॅबच्या कागदावर वाचली असतील. ही द्रव्यं एरवी यकृताच्या पेशीच्या आत असतात. पेशी फुटल्या की ती रक्तात सांडतात. म्हणजे तो आकडा हा फुटलेल्या पेशींचा हिशेब असतो. शेवटी यकृताचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात.

त्या उंदरांजवळ थोडं थांबू या. त्यांनी कुठलं रान फवारलं नव्हतं, कुठली दारू प्यायली नव्हती. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या काळजावर लिहून घेतलं जातं. म्हणून ते उत्तर नीट वाचणं, त्यात नसलेलं काही न वाचणं, हे मी त्यांचं ऋण मानतो.

ते उत्तर बघताना एक गोष्ट मनाला हलवून जाते. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतात शिरतं तेव्हा ते अजून तितकं जहाल नसतं. ते मोडून बाहेर टाकावं म्हणून यकृतातलं सायटोक्रोम नावाचं यंत्र त्याला हात घालतं, आणि त्या मोडण्यातूनच एक अतिशय हावरा तुकडा तयार होतो. शास्त्रज्ञ त्याला मुक्त मूलक म्हणतात. तो शेजारच्या पेशीच्या पडद्यातल्या स्निग्धाला ओरबाडतो, ते स्निग्ध पुढच्याला ओरबाडतं, आणि वणवा पसरावा तशी ही ओढाताण पसरते. उपकार करायला गेलेल्या हातालाच चटका. क्लोरपायरिफॉससारख्या कीटकनाशकाचंही काहीसं असंच होतं. शरीरात गेल्यावर यकृत त्याला बदलतं, आणि बदललेलं रूप मूळ रूपापेक्षा मज्जातंतूंना जास्त घातक ठरतं. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी भलत्या प्रमाणात घेतली तर तिचाही एक तुकडा असाच यकृतात जन्मतो.

या वणव्यासमोर यकृताकडे स्वतःची राखण असते. ग्लुटाथायोन, तीन अमिनो आम्लांचं छोटंसं द्रव्य. ते हावऱ्या तुकड्याला स्वतःला चिकटवून घेतं आणि शांत करतं. साठा असेपर्यंत यकृत तगून राहतं, साठा संपला की पेशी मरायला लागतात. भुईआवळीतलं फायलँथिन, माक्यातलं वेडेलोलॅक्टोन, अशा द्रव्यांनी उंदरात काय केलं तर विष आणि अर्क दोन्ही दिलेल्या गटात ही ओढाताण कमी झाली, राखणीचा साठा टिकला, रक्तातले आकडे उतरले, काचेवरच्या कापात मेलेल्या पेशींचे पट्टे कमी दिसले. हे वारंवार, वेगवेगळ्या हातांनी केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. आजी भलतं काही सांगत नव्हती.

आता जरा सावकाश. इथंच बहुतेक जण उठून जातात, आणि बाजारातली बाटली घेऊन येतात.

त्या प्रयोगांत अर्क बहुधा विषाच्या आधीपासून दिला जातो, रोज, मोजून, शरीराच्या वजनाप्रमाणे. पंप पाठीवर घेणारा माणूस आठ दिवस आधी काही पीत नाही. आणि विष एकच असतं, मात्रा माहीत असते. रानात दोन-तीन बाटल्या एकत्र केलेल्या असतात, माप म्हणजे झाकण. शिवाय उंदराचं यकृत आणि माणसाचं यकृत सख्खे भाऊ असले तरी एकच नाहीत. या तीन गोष्टी मी माझ्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगत आलो आणि तुमच्यापुढेही तशाच ठेवतो.

भुईआवळीची माणसांतली गोष्टही ऐका. १९८८ च्या ऑक्टोबरात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. हेपटायटिस-बी च्या विषाणूचा शोध लावून नोबेल मिळवणारे बरूख ब्लुमबर्ग त्या लेखकांत होते. हेपटायटिस-बी चे विषाणू अंगात बाळगणाऱ्यांना त्यांनी ३० दिवस भुईआवळीची पूड दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती पोकळ गोळी दिलेल्या २३ जणांत फक्त एकाची झाली. केवढी आशा उसळली असेल तेव्हा. मग इतर देशांत लोकांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि तसं यश हाती आलं नाही. झाड वेगळं होतं का, माती वेगळी, काढणीचा महिना वेगळा, की पहिलाच निष्कर्ष ढिला होता? यावर वाद झाले. आज भुईआवळी हा हेपटायटिस-बी चा सिद्ध उपचार नाही. आशा आणि तिचं न टिकणं, दोन्ही एकाच वेळी हातात धरून बसा. जड जातं, पण बसा.

गावाकडची कावीळही यात आणा. अमक्या गावचा माणूस नाकात देवडांगरीचा रस सोडतो, पिवळं पाणी गळतं. कुणी डोक्यावर माळ ठेवतं, ती दिवसागणिक लांबत गळ्यात येते आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. ती निरोग्याच्या डोक्यावरही लांबेल. आणि पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ, हेपटायटिस-ए किंवा ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. बरं करणारं यकृत स्वतःच असतं. श्रेय माळेला जातं, कधी आजीच्या ताकालाही. पण ज्या थोड्यांची बरी होत नाही, गरोदर बाईची ई-कावीळ जशी जिवावर येऊ शकते, तिथं माळ लांबण्याची वाट पाहण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही. देवडांगरीचा रस नाकाच्या आतली त्वचा सोलवटतो. पिवळं पाणी तिथलं असतं, पित्ताचं नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी मला आतून अस्वस्थ करते. २०२० च्या साथीत घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबरच्या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे, आणि २०२१ मध्ये त्यांनी ते छापलं. शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटलेली दिसत होती. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की ही गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे नीट तपासायला हवं होतं. पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांतून तशाच नोंदी आल्या. माझं मत सरळ आहे. जे झाड शरीरात काही करू शकतं, ते वाईटही करू शकतं. ज्याच्यात काहीच वाईट करायची ताकद नाही, ते औषध कसलं? चरकानं पांडुरोग आणि कामला यांच्यावर अख्खा अध्याय लिहिला, तो काय द्यावं याबरोबर कुणाला, कधी, कुठल्या अवस्थेत द्यावं यासाठीही लिहिला. दुकानातल्या ‘आयुर्वेदिक’ गोळीत नुसती वनस्पतीच असते असंही नाही. काविळीत देण्याच्या आरोग्यवर्धिनीत निम्मी कुटकी असते, आणि पाऱ्याचं, तांब्याचं संस्कारित रूपही असतं.

म्हणून झाडाचं नाव नीट घ्यायला शिकणं ही मला भक्ती वाटते. भुईआवळी म्हणून उपटतो त्या एका नावाखाली किमान तीन-चार जाती आपल्या रानात उगवतात, फळाच्या देठावरून आणि पानावरून वेगळ्या. मद्रासच्या त्या झाडाचंही शास्त्रीय नाव आधी एक समजलं गेलं आणि मग दुसरं निघालं. घेटुळीसारखीच दिसणारी, जरा मांसल पानांची दुसरी एक सरपट वेल पुनर्नवा म्हणून विकली जाते. वाकून पाहिल्याशिवाय हा भेद कळत नाही, आणि फवारलेल्या रानात वाकून पाहायला काही उरत नाही.

पुन्हा हातावर या. तळव्याखालचं ते अजून सरकतंय. उंदराचं दोन-तृतीयांश यकृत काढून टाकलं तर सात-दहा दिवसांत उरलेलं वाढून जवळपास पूर्वीएवढं होतं, हे १९३१ पासून माहीत आहे. ज्या आईनं आपल्या लेकराला यकृताचा भाग दिला तिचं यकृतही काही महिन्यांत भरून येतं. काळजाचा तुकडा तिनं खरोखर दिलेला असतो. उन्हाळ्यात घेटुळीची वेल वाळून मातीला मिळते, जाड मूळ खाली जिवंत राहतं आणि मृगाच्या पहिल्या सरीला ती पुन्हा फुटते, म्हणून ती पुनर्नवा. यकृताचा स्वभावही तोच. त्याला वेळ हवा असतो, आणि पुढचा घाव जरा थांबायला हवा असतो. एवढं मिळालं तर ते पुन्हा उभं राहतं. मात्र घावामागून घाव येत राहिले तर जागोजाग चट्टे बसतात, यकृत कठीण होतं आणि मग मूळही मरतं.

भुईआवळी त्याच्या शेजारी उभी राहू शकते. त्याच्या जागी उभी राहू शकत नाही.

आता डोळे उघडा. हात खाली घ्या.

फवारायचंच असेल तर वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, उपाशीपोटी जाऊ नका, हातमोजे आणि मास्क घाला, दोन बाटल्या एकत्र करू नका. बाटलीवरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असेल तर ते सगळ्यात जहाल आहे. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा. मळमळ, घाम, अंधुक दिसणं, छातीत दडपण, काहीही झालं तर काढा उकळत बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरांना त्या लेबलावरून उतारा ठरवायचा असतो.

आणि यंदा बांधालगतची दोन तासं फवारू नका. तिथं उगवेल ते उगवू द्या. लेकरांना नेऊन भुईआवळीची डहाळी उलटी करून दाखवा, आणि उपटायची वेळ आली तर बी राहू द्या.